आपाचा हिरवा पुठ्ठा

आपाच्या हाती कोणताही शोधनिबंध आला की ती आधी त्याचं तोंड झाकायची. त्यासाठी तिच्याकडे एक पुठ्ठा होता. कुणाच्या तरी निकाहच्या पत्रिकेतून कापलेला, जाड, हिरवा, कडेला सोनेरी वेलबुट्टी. पेपरच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली, जिथे लेखकांनी आपण काय दिवे लावले ते आठ-दहा ओळींत सांगितलेलं असतं, त्या सारांशावर ती पुठ्ठा ठेवायची आणि पानं उलटत थेट शेवटाला जायची. तिथून मग मागे मागे येत राहायची. पुठ्ठा निघायचा सगळ्यात शेवटी.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, उर्दूच्या सवयीने बाई उलट्या बाजूने वाचत असेल. वाटलं ते वाटलं, मी तिला तसं बोलूनही दाखवलं, आणि वर समजूतदारपणे मानही हलवली. आपाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काकू, मी पातूरच्या मराठी शाळेत शिकली. उर्दू मले तुमच्याएवढीच येते."

आमची ओळख झाली ती अशी.

मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. लग्नाआधी शेतकीची पदवी घेतलेली होती. ती सासरी कपाटात साड्यांखाली पडून होती. धाकटा दिवसभर शाळेत जायला लागला तेव्हा यजमान म्हणाले, राहिलेलं शिकून घे. मीही लगेच अकोल्याला एम.एस्सी.ला नाव घातलं, विषय मृदाशास्त्र. सोमवार ते शुक्रवार अकोल्याला मुलींच्या होस्टेलमध्ये, शनिवारी अमरावतीला घरी. आपा माझ्या खोलीत होती. ती पीएच.डी. करत होती आणि माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान होती. पण सगळं होस्टेल तिला आपा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची; आणि सगळं होस्टेल मला काकू म्हणायचं, म्हणून तीही म्हणायची. म्हणजे ती माझी थोरली बहीण आणि मी तिची काकू. हे नातं कुणाला जुळवता आलं तर मला कळवावं.

वाचायची माझी स्वतःची एक पद्धत होती. पहिल्या शब्दापासून सुरुवात करायची, अडलेला प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघून त्याच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचा आणि महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवायचा. मला सगळ्याच ओळी महत्त्वाच्या वाटत. दुसऱ्या पानापर्यंत पेपर हळद लागलेल्या नवरीसारखा दिसायचा आणि मला झोप लागलेली असायची. जाग आली की सारांश वाचायचा, वहीत उतरवायचा, झालं वाचन. या पद्धतीने मी आठवड्यात ढीगभर पेपर 'वाचत' असे. मैत्रिणींना वाटायचं काकू फार अभ्यासू. मलाही तसंच वाटायचं.

आपाने एकदा माझं ते पिवळं पान उचलून उजेडाकडे धरलं. "काकू, यात न रंगवलेली ओळ कोनती हाय? तेच वाचून पाहू, तेच कामाची असंल."

तिचे वडील फळांचे व्यापारी होते. बाजारात संत्र्याचे ढीग बघून विकत घ्यायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर फिरायची. म्हणायची, "अब्बा ढिगावरच्या संत्र्याले हातच नाई लावत. वरचे संत्रे दाखवासाठी असतात. ते बुडातले काढून पाहातात." सारांशाबद्दल तिचं मत तेच होतं. मी एकदा हट्टाने विचारलं, अगं, पण लेखकानेच लिहिलेला असतो ना सारांश? खोटं कशाला लिहील तो? तर म्हणाली, "खोटं नाई लिहत. फोटोत पोरगं खोटं असते का? खरंच असते. पन स्टुडिओतलं असते. तुमी पोरगी द्याच्या आधी घरी जाऊन पाहान का नाई? मंग घरी जा. खानदान इचारा."

पेपरचं खानदान म्हणजे शेवटच्या पानावरची संदर्भांची यादी. हल्ली माझी नात मोबाइलवर बोट फिरवते आणि शंभर पेपर समोर येतात. त्या वेळी एक शोधायला दुपार जायची. लायब्ररीत जगभरच्या शेतकी पेपरांच्या सारांशांचे विटेएवढे जाड खंड होते. त्यांची विषयसूची बघायची, क्रमांक काढायचा, मग तो क्रमांक दुसऱ्या खंडात हुडकायचा. सापडायचा तो सारांशच. मूळ पेपर ज्या जर्नलमध्ये असायचा ते आमच्याकडे असलं तर नशीब. नसलं तर लेखकाला कार्ड पाठवायचं: आदरणीय महोदय, आपल्या लेखाची एक प्रत पाठवाल तर उपकृत होऊ. आपा अशी कार्डं दर शुक्रवारी टाकायची. कुठकुठल्या देशांतून लिफाफे यायचे. तिकिटं माझ्या मुलांना, पेपर तिला. मला ते सगळं नाटक वाटायचं. सारांश छापून मिळत असताना लोकांच्या दारात कशाला जायचं?

आलेला पेपर वाचून झाला की आपा तो सांगायला लावायची. इंग्रजी शब्द चालायचा नाही. "तुमच्या सासूले समजंल असं सांगा." सासूबाई अमरावतीला, तरी होस्टेलच्या खोलीत बसून मी त्यांना मातीतल्या क्षारांची गोष्ट सांगायची. कितीदा तरी अर्ध्यात अडकायची. आपा हसायची नाही. ती म्हणायची, "सासूले नाई समजलं म्हनजे सुनेले बी नाई समजलं. चला, परत." आलेखाचंही तसंच. त्याच्याखाली लिहिलेली ओळ बोटाने झाकून विचारायची, ही रेघ काय करून राहिली? मी म्हणायची, वाढते आहे. "आन् इथं?" इथे सपाट होते. "काहून?" या 'काहून'पुढे माझं सगळं हळदीकुंकू उतरायचं.

आता खरी गोष्ट सांगते.

माझं माहेर दर्यापूरकडचं. पूर्णेच्या काठचा तो सगळा भाग खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, लोण्यासारखी, पण जमिनीखालचं पाणी खारट. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथे पावसावर कापूस आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण त्या काळात पावसाने पाठोपाठ दगा दिला होता. वऱ्हाडात तेव्हा सकाळचं वर्तमानपत्र उघडताना लोक आधी गावाचं नाव बघायचे, मग कुण्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी वाचायचे. आपल्या गावाचं नसलं की हळूच श्वास सोडायचे. त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने, दादाने, नदीकडच्या वावरात बोअर मारला. पाणी लागलं, भरपूर लागलं, पण खारंच. गावातले आणखी दोघं-तिघं दादा काय करतो ते बघत थांबले होते.

आणि दिवाळीला मी माहेरी गेले. नुकताच एक सारांश वाचून गेले. खाऱ्या पाण्यावर गहू आणि इतर पिकं घेतली, उत्पन्नात घट आली नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मग काय विचारता! फराळाचं ताट मांडीवर घेऊन मी ओसरीवर भाषण दिलं. दादा, वहिनी, शेजारचे काका, सगळ्यांसमोर. परदेशात सिद्ध झालंय म्हणून सांगितलं. 'सिद्ध' म्हणताना बोट वर केलं होतं, तेही आठवतं. बोटाला चकलीचं तेल होतं. दादाचा चेहरा असा उजळला की मलाच माझं कौतुक वाटलं. "मंग हरभऱ्याले पानी देतो," तो म्हणाला. "तू शिकून राहिली तं आमाले बी उपयोग झाला."

हे सगळं मी अकोल्याला परतल्यावर मोठ्या थाटात आपाला सांगितलं. ती चकली खात होती, माझ्याच डब्यातली. तिने तो हिरवा पुठ्ठा उचलला, माझ्या वहीतल्या सारांशावर ठेवला आणि विचारलं,

"माती कोनती?"

"काय?"

"त्या पेपरात माती कोनती होती?"

मी म्हटलं, सारांशात दिलेली नाही.

"तं भावाले काय सांगून आल्या तुमी?"

आपाने उरलेली चकली डब्यात परत ठेवली. मला तेव्हाच कळलं, प्रकरण गंभीर आहे. आपा चकली सोडणाऱ्यातली नव्हती. तिने मला समजावलं. रेताड माती असेल तर खारं पाणी खाली निघून जातं. आपली काळी माती पाणी धरून बसते, आणि त्या पाण्यातलं मीठ मातीला आतून चिकट करून टाकतं. मग पावसाचंही पाणी आत जात नाही. एका हंगामाचा हरभरा वाचेल, पण वावर जाईल. तिने त्याच दुपारी त्या लेखकाला कार्ड टाकलं. पण कार्डाला निदान दोन महिने लागणार होते आणि दादाचे पाइप वावरात जाऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी दर्यापूरला निघालो. वाटेत आपा एवढंच म्हणाली, "तुमच्या भावाले राग येईन. येऊ द्याचा."

राग आलाच. "दिवाईत म्हने दे, आता म्हने नोको देऊ," दादा म्हणाला. "तुमचं शिक्षन हप्त्या-हप्त्याले बदलते का? हरभरा सुकून राहिला तिकडे."

आपाने वाद घातला नाही. वहिनीकडून तिने डालड्याचे दोन रिकामे डबे मागून घेतले, बुडाला खिळ्याने भोकं पाडली, आत फडकं घालून दादाच्याच वावरातली माती भरली. एका डब्यात प्यायचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. दोन्ही अंगणातल्या विटांवर ठेवले आणि रात्री जेवताना वहिनीला ठेच्याची कृती विचारत बसली. सकाळी पाहिलं तर दोन्ही डब्यांखाली सारखंच पाणी झिरपलेलं.

"पाह्य," दादा म्हणाला. "काय फरक हाय?"

"थांबा दादा. अजून पाऊस कुठं पडला?" असं म्हणून आपाने दोन्ही डब्यांत प्यायचं पाणी ओतलं. पहिल्या डब्याखाली थेंब पडायला लागले. दुसऱ्यात, जिथे रात्री बोअरचं पाणी घातलं होतं, तिथे पाणी वर गढूळ होऊन बसून राहिलं. आमचा चहा झाला, नाश्ता झाला, दादा गुरांचं बघून आला, तरी ते तसंच होतं. दादाने त्यात बोट घातलं. वरची माती लापशीसारखी झाली होती.

त्याने ती दोन बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाला, "म्हनजे वावराचं असंच होईन?"

तिच्या जागी मी असते तर बोट वर केलं असतं. आपा म्हणाली, "डब्यातलं तुमाले दिसलं, दादा. वावराचं मले माईत नाई. म्हनून म्हनते, धुऱ्याकडच्या एका तुकड्याले पानी द्या. बाकीचं यंदा रावू द्या."

दादाने मनावर दगड ठेवून बांधालगतच्या तेवढ्याच तुकड्याला पाणी दिलं. आणि झालं काय? पाणी दिलेला तुकडा हिरवागार झाला. त्यातला हरभरा घाट्यांनी लगडला आणि बाकीचं वावर गुडघ्याएवढंही वाढलं नाही. गावातले लोक मुद्दाम धुऱ्यावर येऊन बघून जायचे. दादाचं म्हणणं असं की दोन शिकलेल्या बायांनी त्याचा हरभरा खाल्ला. तो हिवाळाभर माझ्याशी बोलला नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवला तोही वहिनीने. मी आपाला म्हटलं, बघ, तुझा डबा खोटा ठरला. ती म्हणाली, "पाऊस पडू द्या." पण त्या दिवसांत ती जेवायला बसली की अर्ध्यातून उठायची, हे मी बघत होते. तिचंही काही अडकलं होतं त्या धुऱ्यावर.

होळीच्या सुमारास त्या लेखकाचा लिफाफा आला. आपाने तो फोडला आणि, फक्त त्या एकदाच, पेपर न वाचता माझ्याकडे दिला. पुठ्ठाही दिला. मी सारांश झाकला, शेवटून सुरुवात केली आणि मागे मागे येत प्रयोगाच्या पद्धतीपाशी पोचले. तिथे, तिसऱ्या पानाच्या खाली, बारीक अक्षरांत एका ओळीत ते होतं. माती रेताड. शिवाय पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जमिनीखाली नळ घातलेले. लेखकाने काहीच लपवलेलं नव्हतं. तो बिचारा तिसऱ्या पानावर माझी वाट बघत बसला होता आणि मी दारातूनच परतले होते. ते पान घेऊन मी दादाकडे गेले. तो म्हणाला, "कागद घेऊन काय करू? वावर हिरवं दिसलं मले."

मग मृग लागला आणि पाऊस चांगला झाला.

एका दुपारी होस्टेलच्या फाटकावरून निरोप आला, काकूंना भेटायला गावाकडून कुणीतरी आलंय. जाऊन बघते तर दादा. धोतर चिखलाने माखलेलं, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. माझी विचारपूसही न करता म्हणाला, "आपाले बोलाव." माझ्याहून मोठा भाऊ, तोही तिला आपा म्हणाला! आपा ओढणी सावरत आली. दादाने फडकं सोडलं. आत मातीचं ढेकूळ होतं, वरून चकचकीत, टणक, खापरासारखं.

"धुऱ्याकडचं हाय," तो म्हणाला. "पानी चार दिवस थायीतल्यासारखं उभं व्हतं. सरकी उगवलीच नाई. बाकीचं वावर भरून उगवलं." मग ढेकूळ तिच्यापुढे करत, "पूर्न वावराले पानी देलं असतं तं काय केलं असतं म्या?"

आपाने ते ढेकूळ दोन्ही हातांत घेतलं. मला वाटलं ती आता म्हणेल, बघा, मी सांगत होते. तिने विचारलं, "दादा, हा तुकडा मले देता का? दोन-तीन सालासाठी. दुरुस्त होते का पाहाते." आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा गडबडला. म्हणाला, "घ्या ना, घ्या, रडता काहून?"

पुढची काही वर्षं आपा त्या धुऱ्यावर माती मोकळी व्हावी म्हणून जिप्सम टाकायची, हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरून गाडायची, डब्यांत पाणी मोजायची. वहिनी तिला डबा पोचवायची. गाव त्या तुकड्याला 'आपाचं वावर' म्हणायला लागलं. मी माझी एम.एस्सी. उरकून अमरावतीला परतले आणि एका शाळेत शिकवायला लागले. आपाला कर्नाटकात नोकरी लागली. तिला पोचवायला मी अकोला स्टेशनवर गेले होते. गाडी हलायच्या आधी तिने पर्समधून हिरवा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं रावू द्या. मले आता सवय झाली. तुमचा भरवसा नाई."

तिचा पेपर छापून यायला मध्ये बराच काळ गेला. कर्नाटकातून पाकीट आलं. मी चष्मा लावला, पुठ्ठा आणला, सारांश झाकला. पण त्या पेपरचं शीर्षकच एवढं लांबलचक होतं की मला हसू आवरेना. इंग्रजीत होतं, सासूबाईंना सांगावं तसं मराठीत सांगायचं तर असं: 'पूर्णा खोऱ्यातल्या, भिजल्यावर फुगणाऱ्या आणि सुकल्यावर भेगाळणाऱ्या काळ्या चिकण मातीत, निचऱ्याची सोय नसलेल्या कोरडवाहू शेतात, बोअरच्या खाऱ्या पाण्याचा झालेला परिणाम आणि त्याची दुरुस्ती'. जगात कुणी एवढं लांब नाव देत नाही. संपादकांशी भांडली असणार. समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'काकू, माती वरच लिहिली हाय. आत नाई गेल्या तरी चालंल.'

त्या रविवारी पेपर घेऊन मी माहेरी गेले. दादा आता थकला होता, ओसरीवर बाजेवर पडून होता. मी त्याला ते शीर्षक वऱ्हाडीत करून सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"नाव लय लांब हाय," तो म्हणाला. "पन आपलंच वावर हाय ते." मग कुशीवर वळला. "आता बाकीचं वाच. शेवटून वाचजो."

मी शेवटचं पान उघडलं.